घरचा साक्षीदार

गुरुवार, २ मे

शेजारच्या ठोंबरेंना आज पुन्हा सांगून आले. सकाळी नऊ ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा कूलर बंद ठेवावा. त्याच्या मोटरची घरघर माझ्या रेडिओभर पसरते. "मॅडम, चव्वेचाळीस अंश हाय," ते म्हणाले. अर्ध्या तासाने कोणी मरत नाही, असे मी म्हणाले.

उन्हाळा हाच आमचा हंगाम. एरवी एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि शंभर किलोमीटरवर दम सोडतात. मे-जूनमध्ये मात्र आकाशात फार वर, कधी कधी, विद्युतभारित ढगासारखा एक पट्टा, ज्याला ई थर म्हणतात, तयार होतो. लहरी त्यावर आदळून हजार-दोन हजार किलोमीटरवर खाली उतरतात. पाच मिनिटे, दहा मिनिटे, मग संपले. नेमके केव्हा, ते सांगता येत नाही. पुस्तकाप्रमाणे सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास शक्यता जास्त. म्हणून कूलर.

हे सर्व ठोंबरेंना समजावून सांगितले. त्यांनी दार लावून घेतले.

रविवार, ५ मे

अकोल्याहून पंजाबराव काळमेघांचा फोन. दूरची रेडिओ केंद्रे ऐकून नोंदवणाऱ्या आमच्या वऱ्हाड दूरश्रवण मंडळाचे ते अध्यक्ष; वीज मंडळातून निवृत्त. सभासद सात, तीन अमरावतीचे, चार अकोल्याचे. यंदाची वार्षिक सभा ९ जूनला अकोल्यात, सभासद गुलाम नबींच्या घरी.

"मॅडम, यंदा काई तरी दाखवा," पंजाबराव म्हणाले. "पाच वर्सं झाले, आपलं मंडळ हैदराबादच्या पुढं सरकून नाई राहिलं. लोक हसतात."

मी म्हणाले, लोकांना हसू द्या. नोंदवहीत खोटे जाणार नाही.

नोंदवही माझ्याकडे असते आणि माझ्या सहीशिवाय कोणतीही नोंद पक्की होत नाही. नियम मीच केले. चौथा नियम: ऐकलेल्याचे ध्वनिमुद्रण हवे, नसल्यास साक्षीदार. पाचवा: मुद्रण दुसऱ्या सभासदाने तपासावे. सहावा: घरच्या माणसाची साक्ष चालणार नाही. सहावा नियम जून २०२२ मध्ये करावा लागला. गुलाम नबींनी मस्कतचे केंद्र ऐकल्याचे कळवले. सुमारे एकोणीसशे किलोमीटर. मुद्रण नव्हते; साक्षीदार एकच, त्यांची पत्नी. नईमाबींची साक्ष माझ्याकडे लिहून आहे: "आमच्या मशिदीत इशाची अजान चालू होती अन् रेडिओत मगरिबची. दोनी संगच." मगरिबची अजान सूर्यास्ताला होते, इशाची रात्र पडल्यावर. दोन्हींची अशी सरमिसळ करणारी साक्ष कशी धरायची? शिवाय त्यांचा मुलगा अफनान मस्कतला नोकरीला. ऐकण्यात इच्छा मिसळते. मी नोंद फेटाळली. गुलाम नबी "ठीक हाय मॅडम" म्हणाले आणि त्यांनी वाद घातला नाही. नईमाबी चहा न घेता आत गेल्या, असे मी त्या दिवशी लिहून ठेवले आहे; का लिहिले ते आठवत नाही.

अडतीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवले. उत्तर आधी ठरवून मग आकडे जुळवणाऱ्या मुली मला प्रयोगशाळेच्या दारातून ओळखू येत.

बुधवार, ८ मे

आकांक्षाने घेतलेली जुनी गाडी आता रोज माझ्या गच्चीच्या बरोबर खाली उभी असते. आकांक्षा माझ्या दिरांची मुलगी. कॉलेजपासून माझ्याकडेच आहे, आता माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गाडीत रेडिओशिवाय काही नाही, म्हणून तिने लायटरच्या खोबणीत बसणारी एक डबी आणली आहे. वर लाल आकडे चमकतात. मोबाइल चार्ज करण्याची असावी, आकडे व्होल्टचे.

सकाळी कामाला निघताना ही मुलगी गाडीत पंधरा मिनिटे नुसती बसून राहते. संध्याकाळी आल्यावरही तेच. मी तिला म्हणाले, पेट्रोल फुकट जाळू नये. ती म्हणाली, "मोठी आई, इंजिन बंदच असते. मले थोडं बोलायचं होतं तुझ्याशी."

नऊ वाजले होते. मी गच्चीवर गेले.

गुरुवार, ९ मे

सकाळी ९.१२. ८८.३ मेगाहर्ट्झ. स्त्रीचा आवाज, अत्यंत स्वच्छ. मल्याळम.

भाषेबद्दल शंका नाही. आमच्या कॉलेजात जीवशास्त्राला केरळच्या बाई होत्या, त्या घरी फोन करत तेव्हा सगळी स्टाफरूम ऐकत असे. मल्याळम म्हणजे केरळ. अंदाजाने कोची, बाराशे तीस किलोमीटर. एका उडीचे नेमके अंतर.

९.२६ ला आवाज अचानक तुटला. ई थराचे हेच वैशिष्ट्य: येतो तसा जातो. मुद्रण झाले.

खाली आकांक्षाची गाडी तेवढ्यातच बाहेर पडली. तिने हात हलवला. मीही हलवला, बहुधा.

शनिवार, ११ मे

तीन दिवसांत पाच वेळा. सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहा-पाच ते सहा-पंचवीस. पुस्तकातले दोन्ही कालखंड अगदी मिनिटाला जुळतात. निसर्ग इतका नियमित असतो हे मी मुलींना सांगत आले, पण इतका असेल असे मलाही वाटले नव्हते.

अँटेना हा दूरदर्शनचाच जुना, ह्यांनी लावलेला. तो उत्तरेला फिरवला, पूर्वेला फिरवला, आवाज तेवढाच. सिग्नल फार बलवान असल्याचे लक्षण.

कार्यक्रम बालशिक्षणाचा दिसतो. बाई एक वाक्य हळू म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते, असे तीनदा. आज संध्याकाळचे वाक्य कानाला जसे आले तसे उतरवून घेतले: "अम्मे, ऊण् कळिच्चो?" केरळमध्ये साक्षरता का जास्त आहे ते कळते.

मंगळवार, १४ मे

पंजाबरावांना कळवले. म्हणाले, "मॅडम, तुमी सोनं केलं." मी म्हणाले, अजून तपासणी व्हायची आहे. स्वतःची नोंद मला स्वतः तपासता येत नाही. मुद्रण गुलाम नबींकडे पाठवले. अकोल्यात चाळीस वर्षे त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. कान चांगला आहे.

इंदूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, तुमची पोरगी गाडीत एकलीच बसून बडबडते. एकच बोल तीन-तीन खेपा. मी म्हनतो, नजर काढून टाका."

नजर वगैरे काही नसते. आकांक्षाला हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितले. ती हसली आणि मग म्हणाली, "मोठी आई, पाच मिनिटं देते काय?" सहाला तीन मिनिटे कमी होती. मी म्हणाले, साडेसहानंतर. साडेसहाला मात्र तिनेच विषय काढला नाही.

रविवार, १९ मे

आज काही नाही. गेल्या रविवारीही नव्हते. केंद्राचा रविवारचा कार्यक्रम वेगळा असावा.

आकांक्षा दिवसभर घरी होती. पडदे धुतले.

शुक्रवार, २४ मे

बुधवारपासून आकाश बंद. तीन दिवस, एक शब्द नाही. सौर हालचालींचे तक्ते पाहिले, कारण सापडत नाही.

आकांक्षा मातीचे नमुने घ्यायला पातूरकडे गेली आहे, उद्या येईल. घर शांत आहे. ऐकायला खरे तर उत्तम परिस्थिती.

शनिवार, २५ मे

सहा-पाचला ८८.३ परत आले. पट्टा पुन्हा तयार झाला. आकांक्षाही आली, फार काळवंडली आहे. तिच्यासाठी पन्हे केले.

सोमवार, २७ मे

गुलाम नबींना मुद्रण पाठवून तेरा दिवस झाले, सही नाही. आज मीच फोन केला.

"आवाज लय साफ हाय, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हणाले, तेच तर.

"नाई, मी काय म्हनतो, दुरून येनारा आवाज थकून येते. दम लागते त्याले. कधी वर, कधी खाली. हा तं खाटेवर बसून बोलून राहिला."

मी त्यांना सांगितले की थराची घनता जास्त असेल तर चढउतार कमी असू शकतो. ते "हौ, असू शकते" म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या इथं दवाखान्यात केरळची एक नर्स हाय. तिले ऐकवलं. ते म्हने, बाई इचारून राहिली: आई, जेवलीस काय. मॅडम, असं कोनतं टेशन असते जे रोज इचारते, आई जेवलीस काय?"

मी म्हणाले, बालशिक्षण.

"हौ," ते म्हणाले. "जरा थांबा, मॅडम. घाई काय हाय. मी नाई म्हनून नाई राहिलो."

सूड आहे. मस्कतची नोंद ते विसरलेले नाहीत. मनुष्य सभ्य आहे म्हणून नकार देत नाही, नुसता थांबवून धरतो. माझ्या जागी कोणी हलक्या मनाचे असते तर फार लागले असते. रात्री जेवण गेले नाही, पण दुपारी उशिरा खाल्ले होते.

मंगळवार, ४ जून

मतमोजणी. गल्लीतला प्रत्येक टीव्ही चालू, बँडभर कचकच. तरीही ८८.३ त्यातून बाणासारखे आले. असा सिग्नल मी आयुष्यात ऐकलेला नाही.

पंजाबरावांनी फ्लेक्स छापला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. माझा सेवानिवृत्तीच्या समारंभातला फोटो, हार गळ्यात, खाली "वऱ्हाडची शान! कोची ते अमरावती, १२३० कि.मी." मी त्यांना फोन करून सांगितले की तपासणीची सही नसताना फ्लेक्स छापणे नियमबाह्य आहे. ते म्हणाले, "मॅडम, सहीचं पाहू. फ्लेक्सवाला आपला सोयरा हाय, परत नाई घेत." गुलाम नबींनी नऊ तारखेपर्यंत सही केली नाही, तर सगळ्यांसमोर माझी नोंद फेटाळली जाईल. पाच वर्षे इतरांच्या नोंदी तपासणारी बाई. हे मी शांतपणे लिहीत आहे.

फ्लेक्सवर उद्गारचिन्ह नको, एवढे मात्र सांगितले.

शनिवार, ८ जून

उद्या अकोला. एसटीने जाणार होते, पण आकांक्षा म्हणाली ती गाडीने सोडेल. "रस्त्यात बोलू आपण," म्हणाली. मी म्हणाले, रस्त्यात मी हेडफोन लावून ऐकणार आहे. चालत्या गाडीतले निरीक्षण आजवर कोणी केलेले नाही. "बरं," ती म्हणाली.

रविवार, ९ जून

घडले त्या क्रमाने लिहिते.

सकाळी साडेसातला निघालो. मी पुढच्या सीटवर, मांडीवर छोटा रेडिओ, कानांवर हेडफोन. बडनेऱ्याला आकांक्षाने डबी खोबणीत बसवली, मोबाइल स्टँडवर ठेवला आणि लगेच गाडीच्या रेडिओचा आवाज शून्यावर आणला. मी तसे सांगितले नव्हते. मुलीला माझ्या कामाची कदर वाटू लागली आहे, असे मनात आले.

आणि ८८.३ उघडले. रविवार असूनही. मी वहीत लिहिले: बडनेरा, ७.५१, पूर्ण जोर. पुढे कुरुम, पूर्ण जोर. मी आकांक्षाला म्हणाले, "बाराशे किलोमीटर, आणि बघ, एक कण कमी-जास्त नाही." तिचे तोंड पांढरे पडले होते. मला वाटले, ऊन.

कुरुमच्या पुढे एकदा गुलाम नबींचे वाक्य आठवले. दम लागते त्याले. गाडी ट्रकच्या मागे गेली, पुलावर चढली, दोन्हीकडे कपाशीच्या पऱ्हाटीसाठी नांगरलेली वावरे, मध्येच गाव. आवाज जिथल्या तिथे. मी ते वाक्य वहीत लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. पुढे काही लिहिले नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे आकांक्षाचा फोन वाजला आणि त्याच क्षणी कोचीच्या बाईंचा आवाज तुटला. आकांक्षाने हिरवे बटण दाबले. "हॅलो?" म्हणाली. "हॅलो? सनल? आवाज नाही आ रहा."

माझ्या कानात ८८.३ वर एक पुरुष म्हणाला, "आकांक्षा, बोला क्या मोठी आई को? आज पक्का बोलूंगी बोला था ना. अम्मा यहाँ रोज पूछता है."

"हॅलो? हॅलो?" आकांक्षा म्हणत होती.

मी हेडफोन काढले आणि म्हणाले, "तुला येत नसेल. मला येतो आहे."

तिने गाडी कडेला घेतली. मी खोबणीतल्या डबीवरचे लाल आकडे वाचले. ८८.३. व्होल्ट नव्हते. मोबाइलमधला आवाज एफएमवर टाकून गाडीच्या रेडिओला ऐकवणारे छोटे प्रक्षेपण केंद्र होते. डबी बसवताच अर्धवट राहिलेला पाठ आपोआप सुरू होतो, आणि आवाजाची कळ शून्यावर आणली तरी प्रक्षेपण चालूच राहते. हे अकरावीच्या मुलीलाही कळले असते.

आकांक्षा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. म्हणाली, "सनल आमच्या लॅबमधी होता. मागच्या वर्षी कोचीले बदली झाली. त्याच्या आईले हिंदी येत नाही, मराठी येत नाही. मनून मी शिकून राहिली. तुले किती खेपा सांगाचं म्हटलं, मोठी आई."

मी विचारले, "नऊ मे, सकाळी नऊ-बारा. पाठ चालू होता?"

"पह्यला पाठ होता तो."

"पातूरला गेलीस तेव्हा गाडी नेली होतीस?"

"हौ."

तीन दिवस आकाश बंद. मी वही मिटली. बोरगाव मंजूला मी फक्त एवढे म्हणाले की डावीकडून चाल.

गुलाम नबींच्या अंगणात मांडव होता आणि मांडवात मी होते, सहा फूट बाय चार, हारासह. उद्गारचिन्ह होतेच. पंजाबराव, सूर्यभान, देवमन, सगळे आले होते. नईमाबींनी सरबत दिले. गुलाम नबी मला पाहून उठले आणि खिशातून पेन काढून म्हणाले, "मॅडम, आना तो कागद. मी सही करतो. सगळे जमले हायेत, तमाशा काहून पाह्यजे."

म्हणजे सूड नव्हता. तो माणूस खोट्या नोंदीवर सही करून माझी लाज राखणार होता. मला इतका राग क्वचितच आला असेल. मी पेन त्यांच्या खिशात परत ठेवले.

मग उभी राहून सभेला सांगितले: माझी नोंद चुकीची आहे, ती खोडावी. डबी दाखवली. आकांक्षाने ती अंगणाबाहेर उभ्या गाडीत बसवून मोबाइल लावला. मांडवातल्या सातही रेडिओंवर बाई म्हणाली, अम्मे, ऊण् कळिच्चो. आत कोणीतरी हसले. नईमाबी असाव्यात.

पंजाबराव मानायला तयार नव्हते. "हे आजचं झालं," ते म्हणाले. "मे महिन्याचं काय? तवा डबी चालू होती, याले पुरावा काय? तवा कोचीच असंल. फ्लेक्स बी लागला हाय."

मी म्हणाले, पुरावा आकांक्षा आहे. तिला सर्व तारखा ठाऊक आहेत.

तेव्हा गुलाम नबी खाली पाहत म्हणाले, "मॅडम, नियम सहा."

घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. म्हणजे आकांक्षाचे बोलणे ग्राह्य नाही; म्हणजे माझी नोंद खोटी असल्याचा पुरावा नाही; म्हणजे गुलाम नबींची सही झाली की माझ्याच नियमाने माझा विक्रम कायम. पंजाबराव टाळ्या वाजवू लागले.

आकांक्षा मागे, खांबाजवळ उभी होती. मी तिला बोलावले नव्हते. ती पुढे आली आणि म्हणाली, "काका, नऊ मेपासून रोज, कामाले निघाच्या आधी अन् आल्यावर, मी गाडीत बसून मल्याळम शिकत होती."

"काहून व?" पंजाबराव म्हणाले. "आपल्या मातीले मल्याळम समजते काय?"

देवमन हसला. आकांक्षा हसली नाही. "मी कोचीच्या मुलाशी लग्न करून राहिली," ती म्हणाली. "त्याच्या आईशी बोलता आलं पाह्यजे, मनून." आणि मग तिने एकेक तारीख सांगितली, कोणता पाठ, किती वाजता. पातूरचे तीन दिवस. दोन्ही रविवार. माझ्या वहीतील प्रत्येक नोंदीशी जुळत होते. साक्षीदार म्हणून तिच्यात काहीही दोष काढता आला नाही. आवाज एकदाच हलला, तोही माझ्याकडे पाहिल्यावर. मी मान खाली घालून वहीशी पडताळत होते.

मी सूचना मांडली: नियम सहा रद्द करावा. साक्षीदार घरचा आहे की बाहेरचा, हे न पाहता तो काय सांगतो ते पाहावे. पंजाबराव सोडून सर्वांनी हात वर केले. मग पंजाबरावांनीही केला, फ्लेक्सकडे पाहत.

मी बसणार होते. पण नियम सहा रद्द झाल्यावर त्याने अडवलेले दुसरे प्रकरण आपोआप उघडे होते. मी जुनी नोंदवही काढून १२ जून २०२२ चे पान वाचले. आमच्या मशिदीत इशाची अजान, रेडिओत मगरिबची, दोनी संगच. वाचता वाचता थांबले. गुलाम नबींना विचारले, त्या सुमारास तुमच्या मशिदीत इशाची अजान किती वाजता होते? त्यांना आठवेना. नईमाबींनी स्वयंपाकघराच्या दारामागचे मशिदीचे कॅलेंडर काढून आणले. आठ पंचवीस.

मी तिथेच, सरबताच्या ट्रेजवळ, हिशोब केला. अकोला आणि मस्कत यांच्या रेखांशात साडेअठरा अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटे: चौऱ्याहत्तर. मस्कत थोडे उत्तरेला, जूनमध्ये तिथे सूर्य आणखी सहा मिनिटे उशिरा मावळतो: ऐंशी. अकोल्याचा सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांनी. मस्कतचा, आपल्या घड्याळात, आठ पंचवीसला.

म्हणजे अकोल्यात इशाची अजान होत असताना मस्कतला मगरिबचीच होणार. सरमिसळ नव्हती. त्या बाईने ध्वनिमुद्रणापेक्षा चांगला पुरावा दोन वाक्यांत दिला होता, आणि मी तो सरमिसळ म्हणून फेटाळला होता.

हे मी सभेत याच शब्दांत सांगितले. नईमाबी म्हणाल्या, "मी तं तेच सांगून राहिली होती, मॅडम. त्या दिवशी मले वाटलं, माह्या अफनानच्या इथं आता सूर्य बुडून राहिला."

मी सही केली. मस्कत, १९३० किलोमीटर, मंडळाचा विक्रम. चहा आला. दोघींनी घेतला.

मंगळवार, ११ जून

आकांक्षाशी बोलले, साडेआठ ते पावणेदहा. मुलाचे शिक्षण, पगार, रक्तगट विचारले. सर्व समाधानकारक. दीर-जाऊबाईंना काय सांगायचे ते मी पाहीन. दीर आरडाओरडा करतील. आठवीत असताना त्यांना मी गणित शिकवले आहे, तेव्हाही करत.

लग्न डिसेंबरात म्हणतात. डिसेंबरात ई थर नसतो, त्यामुळे तारखेला माझी हरकत नाही.

ठोंबरे भेटले. म्हणाले, "मॅडम, कूलरचं काय?" मी म्हणाले, पाहू.

रविवार, १६ जून

नोंदवहीत दुरुस्ती केली. गच्चीवरून दोरी सोडून अंतर मोजले. केंद्र: आकांक्षाची गाडी. अंतर: १२३० कि.मी. खोडून ११ मीटर. साक्षीदार: आकांक्षा म्हैसने. नाते: घरची. शेरा: मंडळाच्या इतिहासातील सर्वांत कमी अंतर.

सनलचा फोन होता. त्याच्या घराची गच्ची मोकळी आहे का, विचारले. आहे. अँटेना कसा लावायचा ते सांगितले. मुलाने लिहून घेतले. सूचना पाळणारा दिसतो. मग त्याच्या आई फोनवर आल्या. मी ते वाक्य म्हटले. त्यांनी उत्तर दिले, बरेच लांब. एक अक्षर कळले नाही. आवाज मात्र कधी वर, कधी खाली येत होता.

आकांक्षा आता गाडीत बसत नाही. आल्याबरोबर वर येते आणि पाठ जेवणाच्या टेबलावर मोठ्याने म्हणते. सहा-पाचला ८८.३ रिकामे असते. तिला सांगून ठेवले आहे की तिकडे गेल्यावर उन्हाळ्यात फोन करायचा तो सातनंतर. सहाला मी ऐकत असते.

गुलाम नबी म्हणतात, यंदा मस्कत पुन्हा यायला हवे. त्यासाठी अँटेना पश्चिमेकडे फिरवावा लागेल, हे मला माहीत आहे. तूर्त दक्षिणेकडेच राहू दिला आहे.